जेम्स ब्राऊनची १७ गाणी नंबर वन, आणि तरी एकही नंबर वन नाही?? कुणीतरी समजवा

जुनाबाजार_रविवार:
मंडळी, एक भांडण सोडवा. गेल्या रविवारी जुन्या बाजारात अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनची एक एलपी मिळाली, कव्हरच्या कडा उंदराने खाल्ल्यात पण तबकडी बरी आहे, काकांनी दीडशेत देऊन टाकली. संध्याकाळी मित्र आला, दोघं ऐकत बसलो आणि मी सहज बोलून गेलो की ह्या माणसाची १७ गाणी नंबर वन झालीत. मित्र हसायलाच लागला, म्हणे एकही नाही, हॉट हंड्रेडवर (बिलबोर्ड ह्या अमेरिकन मासिकाची गाण्यांची मुख्य यादी) ह्याचं सगळ्यात वर गेलेलं गाणं तिसऱ्या नंबरला अडकलं. लागली मिसळीची पैज. मग दोघांनी मोबाईल काढले आणि दोघंही बरोबर निघालो! १७ पण खरं आणि शून्य पण खरं.

१७ वाला आकडा बिलबोर्डच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) चार्टचा आहे एवढं कळलं. पण एकच मासिक, एकच देश, एकच गाणं, मग दोन याद्या कशाला? आणि मोजतं कोण नक्की? अल्बमचंही असंच असतं का? सोपं करून सांगा, मी इतकी वर्षं फक्त ऐकतोय, आकडेमोड कधी केली नाही.

रेकॉर्डवेडा:
भावा, मिसळ दोघांनी अर्धी अर्धी खा, कारण पैजच चुकीची लागली.

आपल्या घरातल्या मोठ्यांना बिनाका गीतमाला विचार. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानी पायदान सांगायचे, ते पायदान ठरायचं कसं, तर रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांकडून आलेली माहिती आणि श्रोता संघांची पत्रं. म्हणजे ज्या दुकानाला विचारलं त्याच्या गिऱ्हाइकाचं गाणं वर. ज्याला विचारलंच नाही त्याचं गिऱ्हाईक मोजणीत नाहीच. अमेरिकेतही तेच, फक्त तिथे दुकानं आणि वस्त्या काळ्या-गोऱ्या अशा वेगळ्या होत्या, मग याद्याही वेगळ्या झाल्या.

२४ ऑक्टोबर १९४२ च्या अंकात बिलबोर्डने हार्लेम हिट परेड नावाची दहा गाण्यांची यादी सुरू केली, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मोजक्या दुकानांना विचारून. पहिलं नंबर वन अँडी कर्कच्या बँडचं. १९४५ ला ज्यूकबॉक्सवर काय वाजतं ते धरायला लागले आणि यादीचं नाव झालं रेस रेकॉर्ड्स, म्हणजे सरळसरळ वंशाच्या नावाने. युद्धानंतर ते नाव कानाला खटकायला लागलं. १९४९ ला बिलबोर्डमध्येच काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने सुचवलेलं रिदम अँड ब्लूज हे नाव लागलं (हाच वेक्सलर पुढे अटलांटिक कंपनीत गेला आणि अरीथा फ्रँकलिनच्या रेकॉर्ड काढल्या). मग १९६९ ला सोल, १९८२ ला चक्क ब्लॅक, १९९० ला परत आर अँड बी, १९९९ ला त्याला हिप-हॉप जोडलं. पाटी इतक्या वेळा बदलली पण आतलं गिऱ्हाईक बरंच तेच.

ह्या चार्टचा पहिला राजा लुई जॉर्डन. १८ गाणी नंबर वन आणि सगळे आठवडे मिळून ११३. त्याचं चू चू च'बूगी १९४६ मध्ये सलग नाही म्हणता येणार पण एकूण १८ आठवडे वर होतं. आज किती जणांना नाव माहितीये सांगा.

आता तुमचा जेम्स ब्राऊन. पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग, १९६५, आर अँड बीवर आठ आठवडे नंबर वन, हॉट हंड्रेडवर आठवा. त्याच वर्षीचं आय गॉट यू, हॉट हंड्रेडवर तिसरा, हेच ते तुझ्या मित्राचं "अडकलेलं" गाणं, आणि आर अँड बीवर तेही नंबर वन. काळ्या वस्तीतल्या रेडिओवर आणि दुकानात हा माणूस देव होता, बाकी अमेरिकेत "हो, तो नाचणारा ना, बरा आहे" एवढंच. दोन आकडे म्हणजे दोन वस्त्या.

ठाणेकर_सॅम:
म्हणजे थोडक्यात आर अँड बी नंबर वन म्हणजे रणजी आणि हॉट हंड्रेड म्हणजे टेस्ट. मित्र जिंकला. मिसळ दे त्याला 😄

रेकॉर्डवेडा:
@ठाणेकर_सॅम रणजीची उपमा इथे बसत नाही रे. रणजीत शंभर काढणारा टेस्टला गेला तर बॅट घेऊन तोच जातो. इथे काय व्हायचं बघ. १९५५, फॅट्स डॉमिनो, न्यू ऑर्लिन्सचा पियानोवाला, त्याचं एन्ट दॅट अ शेम आर अँड बी चार्टवर ११ आठवडे नंबर वन. लगेच पॅट बून नावाच्या गोऱ्या पोराने तेच गाणं गायलं, इस्त्री केलेल्या शर्टासारखं, आणि पॉप चार्टवर (हॉट हंड्रेडच्या आधीची मुख्य यादी) नंबर वन बूनचं झालं, डॉमिनोचं तिथे दहाव्यापर्यंत गेलं. बॅटिंग फॅट्स डॉमिनोची आणि रन पॅट बूनच्या नावावर. आता सांग कुठल्या फळ्यावरचा स्कोर खरा?

आणि हाउंड डॉग. बिग मामा थॉर्नटनचं १९५३ ला सात आठवडे आर अँड बी नंबर वन, पॉपवाल्यांना पत्ता नाही. तीन वर्षांनी एल्विसने म्हटलं, पाठीमागे डोन्ट बी क्रूअल, आणि ती तबकडी पॉप, कंट्री, आर अँड बी तिन्हीकडे वर. म्हणजे गोऱ्याला सगळ्या दारांतून प्रवेश होता, उलट्या बाजूने मात्र दरवान उभा.

ठाणेकर_सॅम:
ओके हे माहीत नव्हतं. रणजी मागे घेतो.
पण मग मोटाऊन ह्या काळ्या कलाकारांच्या रेकॉर्ड कंपनीचं काय? सुप्रीम्स वगैरे तर धडाधड हॉट हंड्रेडवर नंबर वन होते ना साठच्या दशकात, त्यांना कुठला दरवान आडवा आला नाही?

रेकॉर्डवेडा:
मस्त प्रश्न, आणि इथेच सगळ्यात गमतीची भानगड आहे. सुप्रीम्सची व्हेअर डिड अवर लव्ह गो आणि बेबी लव्ह ही १९६४ ची दोन्ही गाणी हॉट हंड्रेडवर नंबर वन. आर अँड बीवर कितवी? कितवीच नाहीत. कारण तेव्हा बिलबोर्डचा आर अँड बी चार्टच बंद होता! नोव्हेंबर १९६३ च्या शेवटी बंद केला आणि जानेवारी १९६५ च्या शेवटी परत सुरू केला. झालं असं की १९६३ पर्यंत दोन्ही याद्या एकमेकींसारख्या दिसायला लागल्या. गोऱ्या लेस्ली गोरचं इट्स माय पार्टी आर अँड बीवर नंबर वन, आणि बंद पडायच्या अगदी तोंडावर शुगर शॅक हे जिमी गिल्मर आणि फायरबॉल्सचं, म्हणजे गोऱ्या बँडचं गाणं तिथे वर बसलेलं. मग वेगळी यादी कशाला असं त्यांना वाटलं असणार. त्या चौदा महिन्यांचे आकडे ज्यांना हवे असतात ते कॅशबॉक्स ह्या दुसऱ्या मासिकाचा चार्ट काढून बसतात, त्यांनी आपला आर अँड बी चार्ट चालू ठेवला होता. त्यामुळे कुणी "अमुक गायकाची आर अँड बी नंबर वन इतकी" म्हणालं की पहिला प्रश्न हाच, १९६४ चं धरलंय की नाही.

न्यूजर्सी_वहिनी:
रेकॉर्डवेडा, छान लिहिलंत. माझी थोडी भर, कारण मी मोजणीच्या दुसऱ्या टोकाला उभी होते 🙂 लग्न करून इकडे आले तेव्हा ९८ साल, आणि पहिली नोकरी मॉलमधल्या सीडीच्या दुकानात काउंटरवर. नाव नको. मला वाटायचं मी फक्त बीप करते, नंतर कळलं की ते बीप म्हणजेच चार्ट.

आधीच्या काळात काय होतं की मासिकवाले दुकानदाराला फोन करायचे, काय खपतंय सांगा, आणि दुकानदार आठवून सांगायचा. आठवून! त्यात आवड आली, कंपनीच्या माणसाने दिलेली फुकट सीडी आली, सगळंच आलं. १९९१ मध्ये साउंडस्कॅनचे आकडे वापरायला लागले, बारकोड वाचला की विक्रीची नोंद, त्यात कुणाची आठवण नाही की आवड नाही. आधी मे महिन्यात अल्बमचा मुख्य चार्ट, मग नोव्हेंबरात हॉट हंड्रेड, आर अँड बीला ते पुढच्या वर्षी आलं. त्यानंतर नंबर वनवर गाणी जी चिकटायला लागली ती उतरेचनात. बॉईज टू मेनचं एंड ऑफ द रोड १९९२ ला १३ आठवडे, एल्विसच्या त्याच हाउंड डॉगवाल्या तबकडीचा ११ चा विक्रम मोडला. लगेच व्हिटनी ह्यूस्टनचे १४. मग मराया कॅरीसोबत बॉईज टू मेनच परत, वन स्वीट डे, १६.

पण एक नियम फार वाईट होता आणि आमच्या दुकानात त्यावरून रोज गिऱ्हाइकाशी वाद. गाणं सुटं सिंगल म्हणून दुकानात आलं नसेल तर हॉट हंड्रेडवर धरायचेच नाहीत, रेडिओवर चोवीस तास वाजो. मग कंपन्या मुद्दाम सिंगल काढायच्याच नाहीत, म्हणजे पोरांनी एका गाण्यासाठी पूर्ण सीडी घ्यावी. फ्यूजीजचं किलिंग मी सॉफ्टली, १९९६, इकडे प्रत्येक गाडीतून तेच ऐकू यायचं म्हणे, आणि हॉट हंड्रेडच्या इतिहासात ते नाहीच. सिंगल निघालंच नव्हतं. डिसेंबर ९८ ला नियम बदलला तेव्हा मी काउंटरवर होते, मॅनेजर म्हणाला आता सिंगलचा रॅक हळूहळू रिकामा होईल. झालाच.

आणि सॅम, तुमच्या रणजीसाठी एक उलटं उदाहरण. त्याच फ्यूजीजमधल्या गायिकेचं, लॉरिन हिलचं, डू वॉप, नोव्हेंबर ९८ मध्ये हॉट हंड्रेडवर आलं तेच नंबर वनला. आर अँड बीवर मात्र दुसरंच राहिलं. आणि डेब्रा कॉक्सचं नोबडीज सपोज्ड टू बी हिअर त्याच हिवाळ्यात आर अँड बीवर १४ आठवडे नंबर वन, हॉट हंड्रेडवर आठ आठवडे दोन नंबरला बसून, वर गेलंच नाही. बायका ते सिंगल दोन दोन घेऊन जायच्या, एक स्वतःला एक बहिणीला.

मोटाऊन_मुलुंड:
अल्बमबद्दल कुणी बोललंच नाही अजून.

आर अँड बी अल्बमचा वेगळा चार्ट १९६५ च्या जानेवारीत आला, म्हणजे सिंगलच्या बावीस वर्षांनंतर. आधी कंपन्यांची समजूत अशी की काळं गिऱ्हाईक फोर्टी-फाइव (सुट्या गाण्याची छोटी तबकडी) घेतं, एलपी घेत नाही. जुनाबाजार, तुझ्याकडची एलपी कुठली आहे ते सांगितलं नाहीस, लाइव्ह ॲट द अपोलो असेल तर लॉटरी लागली. हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये २४ ऑक्टोबर १९६२ ला रेकॉर्ड केलेली (तारीख बघा, हार्लेम हिट परेडला त्याच दिवशी बरोब्बर वीस वर्षं). किंग कंपनीचा मालक सिड नेथन म्हणाला लाइव्ह एलपी कोण घेणार, मी पैसे घालणार नाही. ब्राऊनने स्वतःच्या खिशातनं घातले. १९६३ ला बाहेर आली आणि मुख्य अल्बम चार्टवर दोन नंबर, ६६ आठवडे टिकली. आणि आर अँड बी अल्बममध्ये कितवी? परत तेच उत्तर, चार्टच नव्हता. सर्वात "आर अँड बी" एलपीला आर अँड बी नंबर नाही, काय म्हणावं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र मार्विन गेचं व्हॉट्स गोइंग ऑन, १९७१. त्यातली तीन सिंगल निघाली, तिन्ही आर अँड बीवर (तेव्हा नाव सोल) नंबर वन. हॉट हंड्रेडवर दोन, चार आणि नऊ. अल्बम सोल चार्टवर नंबर वन, मुख्य चार्टवर सहापर्यंत. सहा! आज लोक ह्या अल्बमला आजवरच्या सर्वोत्तमात धरतात, २०२० ला रोलिंग स्टोनने ५०० अल्बमच्या यादीत पहिला ठेवला, आणि त्या वेळी मुख्य यादीत ह्याच्या वर पाच होते.

दुसरी गंमत गोल्ड डिस्कची. मोटाऊनच्या साठच्या दशकातल्या गाण्यांना गोल्ड नाही म्हणून लोक समजतात विक्री कमी. अहो मोटाऊनने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आरआयएएला (गोल्डचं सर्टिफिकेट देणारी तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) हिशोबाच्या वह्या दाखवल्याच नाहीत, मग सर्टिफिकेट कोण देणार. आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन, गेचं, हॉट हंड्रेड आणि आर अँड बी दोन्हीकडे सात-सात आठवडे नंबर वन, तेव्हा गोल्ड नाही. चार्ट, विक्री आणि गोल्ड ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे ह्या फोरमवर मी किती वेळा लिहिलंय देव जाणे.

स्टीव्ही वंडरबद्दल वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर रात्र होईल. एवढंच सांगतो की साँग्ज इन द की ऑफ लाइफ १९७६ ला आला तो थेट पहिल्या नंबरलाच उतरला, त्याच्याआधी हे फक्त एल्टन जॉनला दोनदा जमलेलं.

कणकवली_बीट:
सगळे काका लोक १९७६ वर थांबले 😂 आताचं कोण सांगणार

२०१२ ला जे झालं ते सांगतो. तोपर्यंत आर अँड बी/हिप-हॉप चार्टला आर अँड बी वाजवणारे रेडिओ हाच मुख्य आधार होता. ऑक्टोबर २०१२ ला बिलबोर्डने ठरवलं की आता सगळ्या प्रकारच्या रेडिओवर वाजलेलं, डाउनलोड, स्ट्रीम, सगळंच धरायचं. त्या आठवड्यात रिहानाचं डायमंड्स ६६ वरून एकदम १ वर. गाणं एका आठवड्यात बदललं का? नाही ना. फक्त मोजायला दुसऱ्या वस्तीत गेले. पुढच्या वर्षी बघा, २०१३ मध्ये हॉट हंड्रेडवर मुख्य कलाकार काळा असलेलं एकही गाणं नंबर वन झालं नाही, चार्ट सुरू झाल्यापासून असं पहिलं वर्ष. आणि आर अँड बी/हिप-हॉपवर पण रॉबिन थिक आणि मॅकलमोर हे दोघे गोरेच आठवडेच्या आठवडे वर. म्हणजे १९६३ चं शुगर शॅक परत आलं, ह्यावेळी चार्ट बंद नाही केला एवढाच फरक.

आणि अल्बम म्हणजे आता अल्बम राहिलाच नाही. २०१४ च्या डिसेंबरपासून १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला असं धरायला लागले, पुढे आकडे बदलत गेले. अशरचा कन्फेशन्स २००४ ला पहिल्या आठवड्यात १० लाख ९६ हजार खपला, ती खरी सीडी, वहिनींनी बीप केलेली. सिझा ह्या गायिकेचा एसओएस अल्बम डिसेंबर २०२२ ला आला आणि पहिल्या काही महिन्यांतच दहा आठवडे वर, मुख्यतः स्ट्रीमवर. त्यातलं किल बिल आर अँड बी/हिप-हॉपवर २१ आठवडे नंबर वन, ओल्ड टाउन रोड ह्या गाण्याचा २० चा विक्रम मोडला, आणि हॉट हंड्रेडवर फक्त एक आठवडा. दोन वस्त्या अजून आहेत म्हणजे, भिंत पातळ झालीये.

न्यूजर्सी_वहिनी:
२००४ ला मी नोकरी सोडली होती हो, तोपर्यंत दोन मुलं झालेली 🙂 पण भिंतीचं पटलं.

इंदूरी_लतावेडी:
धागा पूर्ण वाचला, आणि कुणालाच आठवलं नाही ह्याचं आश्चर्य वाटलं. मराठी आवाज आर अँड बी चार्टवर दोन नंबरपर्यंत गेलेला आहे.

२००२. ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ॲडिक्टिव्ह, सोबत रकीम. हॉट हंड्रेडवर नऊ, आर अँड बी/हिप-हॉपवर दोन. गाणं सुरू झालं की पाठीमागे जो बाईचा आवाज फिरत राहतो तो लतादीदींचा. १९८१ च्या ज्योती सिनेमातलं थोडा रेशम लगता है, संगीत बप्पी लाहिरी. बारकासा तुकडा नाही, गाण्याचा पाया तोच आहे. परवानगी नाही, नाव नाही. कोर्टात गेलं प्रकरण, आणि २००३ च्या सुरुवातीला तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही.

आमच्या इंदूरला, जिथे दीदी जन्मल्या, तेव्हा माझ्या आईला मी ते गाणं ऐकवलं होतं. आई म्हणाली हे काय, अर्ध्यावर तोडून परत परत तेच काय लावलंय, रेकॉर्ड अडकलीये का? 😄

ठाणेकर_सॅम:
काय सांगता! आत्ता लावून बघितलं. खरंच दीदी.
मग चार्टवर नाव कुणाचं? ट्रुथ हर्ट्स आणि रकीम. रेकॉर्डवेडाच्या भाषेत, बॅटिंग दीदींची.

जुनाबाजार_रविवार:
मंडळी, मी दीडशे रुपयाच्या एलपीवरून विचारलं आणि तुम्ही मला हार्लेमवरून इंदूरला आणून सोडलंत. मित्राला धागा पाठवला. तो म्हणतो हॉट हंड्रेड ते हॉट हंड्रेडच, मिसळ हवीच. मी म्हटलं काउंटरवर कोण उभं आहे त्यावर ठरेल.

@मोटाऊन_मुलुंड एलपी अपोलोची नाही हो, नशीब कुठलं. नंतरची हिट्सची आहे. पण काकांकडे खालच्या खोक्यात अजून चार-पाच पडल्या होत्या, मी घाईत बघितल्याच नाहीत. रविवारी सहाला उठतोय.

मोटाऊन_मुलुंड:
सहाला कशाला, पाचला जा. आणि ठिकाण इथे लिहू नकोस, मी मुलुंडहून पहिली गाडी पकडेन.